चांगला फोटो : कॅमेरा कोणता, प्रिंटर कोणता?

घरातले म्हातारे माणूस गेले, की फोटोची शोधाशोध सुरू होते. भिंतीवर लावायला फोटो हवा असतो. मोबाईलमध्ये शेकडो फोटो काढलेले असतात. पण तो मोबाईल फुटलेला असतो, नाहीतर विकलेला असतो. शेवटी कुठल्या तरी अर्जासाठी काढलेला, पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो सापडतो. दुकानदार तो मोठा करून देतो. पण त्यात आजीचे डोळे नीट दिसत नाहीत. नातवंडे विचारतात, "आजी अशी होती?" त्यांना काय उत्तर देणार?

आजकाल फोटो निघतात पुष्कळ, पण टिकतात थोडे. म्हणून चांगला फोटो कसा मिळतो, तो कागदावर कसा उतरतो आणि कसा टिकतो, ते आपण या धड्यात पाहू. यात पैशाचाही प्रश्न आहे. कॅमेरा आणि प्रिंटर काही स्वस्त नाहीत. बचत गटाचे कर्ज काढून किंवा हप्त्याने ते घ्यायचे, तर आधी चार गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी

फोटोची कला 1839 साली फ्रान्समध्ये जगापुढे आली. थोड्याच वर्षांत ती मुंबईला पोचली. 1854 साली मुंबईत फोटो काढणाऱ्यांची एक मंडळीही स्थापन झाली. दादासाहेब फाळके यांचे नाव आपण ऐकले असेल. 1913 साली त्यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांना दाखवला. त्याआधी त्यांनी गोध्रा येथे फोटोचा धंदा केला होता.

त्या काळी कॅमेऱ्यात काच किंवा फिल्म असे. आता तिच्या जागी एक लहानशी चकती असते. तिला सेन्सर म्हणतात. सेन्सरवर उजेड पडतो आणि फोटो ठिपक्याठिपक्यांनी तयार होतो. आपल्या बायका अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात ना, तसेच हे. ठिपके थोडे, तर रांगोळी ठोकळ. ठिपके पुष्कळ, तर नक्षी बारीक. तिकिटाएवढ्या फोटोत ठिपके थोडे असतात. तो कितीही ताणला, तरी नवे ठिपके कुठून येणार?

दहा लाख ठिपक्यांना एक मेगापिक्सेल म्हणतात. दुकानदार हाच आकडा मोठ्याने सांगतो. "काका, पन्नास मेगापिक्सेलचा घ्या!" पण आपल्याला लागतात किती? हिशेब करू.

कागदावर फोटो स्वच्छ दिसायला एका इंचात 300 ठिपके पुरतात. नेहमीचा फोटो 4 इंच रुंद आणि 6 इंच उंच असतो. म्हणजे 1200 गुणिले 1800. झाले 21 लाख 60 हजार ठिपके. भिंतीवरचा 8 बाय 10 इंचांचा फोटो घेतला, तर 2400 गुणिले 3000, म्हणजे 72 लाख. तेव्हा 12 मेगापिक्सेल, म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके, घरच्या कामाला पुरून उरतात. नुसत्या मोठ्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

मग पैसे कशासाठी मोजायचे?

पहिली गोष्ट सेन्सरचा आकार. पावसात पागोळीखाली एक वाटी ठेवा आणि एक घंगाळ ठेवा. जास्त पाणी कुठे जमेल? घंगाळात. उजेडाचेही तसेच आहे. मोठा सेन्सर जास्त उजेड गोळा करतो. म्हणून संध्याकाळी, मांडवात किंवा देवळात त्याचा फोटो स्वच्छ येतो. लहान सेन्सरचा फोटो अंधारात रवाळ दिसतो. खिशातल्या छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर बहुधा करंगळीच्या नखापेक्षाही लहान असतो. भिंग बदलता येणाऱ्या पुष्कळ कॅमेऱ्यांत तो साधारण 24 मिलिमीटर रुंद व 16 मिलिमीटर उंच असतो.

दुसरी गोष्ट भिंग. दूरचे जवळ आणण्याला झूम म्हणतात. भिंग हलवून केलेला झूम खरा. दुसरा झूम नुसता फोटो कापून ताणतो. त्यात ठिपके कमी होतात. घेताना विचारावे, "झूम भिंगाचा आहे का?"

तिसरी गोष्ट फुकट आहे. ती म्हणजे उजेड. भर दुपारी अंगणात उभे केलेल्या माणसाच्या डोळ्यांखाली काळी सावली पडते. तेच माणूस पडवीत, उजेडाकडे तोंड करून बसवा. चेहरा कसा सौम्य आणि स्वच्छ येतो बघा. भिंग मऊ, स्वच्छ फडक्याने पुसलेले असले, की साध्या मोबाईलचाही फोटो सुधारतो.

आधी काम ठरवा, मग वस्तू

घरच्यापुरते फोटो हवे असतील, तर बरा मोबाईल पुरे. वेगळा कॅमेरा घेण्याची गरज नाही. लग्न, बारसे, शिमग्याची पालखी असे फोटो काढून पोट भरायचे असेल, तर भिंग बदलता येणारा कॅमेरा घ्यावा. आधी एखाद्या जाणत्या फोटोग्राफरकडे काही महिने काम करून पाहावे. जुना कॅमेरा स्वस्तात मिळतो, पण त्याचे भिंग बॅटरीच्या उजेडात निरखून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर ती बुरशी. तो कॅमेरा घेऊ नये.

नवी वस्तू घेताना पक्के बिल आणि गॅरंटीचा कागद मागून घ्यावा. दुरुस्तीची सोय जवळ कुठे आहे तेही विचारावे. फसवणूक झाली तर 1915 या ग्राहक मदत क्रमांकावर फोन करता येतो. तिथे बिल कामाला येते.

प्रिंटरचा हिशेब

प्रिंटर तीन तऱ्हेचे पाहायला मिळतात. लेझर प्रिंटर सुकी भुकटी वापरतो. अर्ज आणि पत्रे त्यावर झकास येतात, पण माणसाचा चेहरा तितका चांगला उतरत नाही. दुसरा शाईचा. तो शाईचे बारीक थेंब कागदावर उडवतो. त्यात फोटोचा खास कागद घातला, तर फोटो फार चांगला येतो. साध्या कागदावर शाई पसरते. शाईची टाकी असलेला प्रिंटर घेताना महाग, पण पुढे शाई स्वस्त पडते. मात्र तो पडून राहिला, की शाई सुकून त्याची बारीक भोके बुजतात. आठवड्यातून एकदा तरी एक रंगीत पान छापावे. तिसरा छोटा प्रिंटर उष्णतेने रंग चढवतो. तो बहुधा पोस्टकार्डाएवढेच फोटो देतो, पण त्यात सुकायला शाई नसते.

आता पैशांचा हिशेब. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. प्रिंटर 16,000 रुपयांचा. दुकानात एक फोटो 10 रुपयांना मिळतो. घरी कागद आणि शाई मिळून 6 रुपये लागतात. एका फोटोमागे 4 रुपये वाचले. मग 16,000 भागिले 4, म्हणजे 4,000 फोटो छापल्यावर प्रिंटर फिटला. ज्या घरात वर्षाला 40 फोटो छापतात, त्या घराला 100 वर्षे लागतील! त्या घराने दुकानातच जावे. पण तालुक्याच्या कचेरीजवळ बसून कोणी रोज 20 फोटो छापत असेल, तर त्याचा प्रिंटर 200 दिवसांत फिटतो. वस्तू तीच, पण एकाला तोटा आणि एकाला धंदा.

दुकानात फोटो पाठवताना एक ध्यानात ठेवावे. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

आपला पाऊस आणि आपले फोटो

रत्नागिरीचा पाऊस आपल्याला ठाऊकच आहे. चार महिने भिंतींना ओल असते. कॅमेऱ्याच्या भिंगाला याच दिवसांत बुरशी धरते. चामड्याच्या पिशवीत कॅमेरा ठेवू नये. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात. फ्रेम करताना फोटो काचेला चिकटू देऊ नये. मध्ये जाड कागदाची पट्टी घालायला सांगावी.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. घरे बुडाली, दुकाने बुडाली. अशा पुरात कपाटातले कागद आणि फोटो वाचत नाहीत. लॅबच्या यंत्रावर धुतलेला फोटो भिजला, तर ओढून सुटा करू नये. स्वच्छ पाण्यात हलकेच धुवावा आणि सावलीत, चेहरा वर करून वाळवावा. शाईच्या प्रिंटरवरचा फोटो मात्र धुवू नये. त्याचा रंग वाहून जाण्याची भीती असते. तो तसाच वाळवावा.

यावर उपाय एकच. चांगला फोटो दोन ठिकाणी ठेवावा. एक कागदावर घरी. दुसरा मूळ फोटो पेनड्राइव्हवर, मुंबईला असलेल्या मुलाकडे किंवा लेकीच्या सासरी. एक घर भिजले, तरी दुसरीकडचा फोटो राहतो.

येत्या गणपतीला चाकरमानी घरी येतील. सगळे एकत्र असतील. त्या दिवशी आजीला पडवीत बसवा आणि एक फोटो नीट काढा. त्याला नवा कॅमेरा लागत नाही, कर्जही लागत नाही. मात्र तो त्याच महिन्यात कागदावर उतरवून आणा.

प्रश्न

1. 5 इंच रुंद आणि 7 इंच उंच फोटोला किती ठिपके लागतील?
2. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला मोठा सेन्सर का हवा?
3. वर्षाला 40 फोटो छापणाऱ्या घराने प्रिंटर का घेऊ नये?
4. भिजलेले फोटो कसे वाळवावेत?

हे करा

आपल्या घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा एक तरी स्वच्छ फोटो कागदावर आहे का, ते पाहा. फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि साल आपल्या हाताने लिहा. आता तुम्हाला लिहिता येते.