अकरा फूट दहा इंच

चिखली तालुक्यातल्या एका घरात, बैठकीच्या दाराजवळ, चार टाइल्स वेगळ्या दिसतात. बाकीच्या ५६ पांढऱ्या, या चार किंचित पिवळट. पाहुण्यांच्या ते लक्षातही येत नाही. घर प्रस्तुत लेखकाचं आहे, त्यामुळे दार उघडलं की नजर आधी तिथेच जाते. ‘घरवाल्यानंच माल कमी आणला,’ असं ठेकेदार पुढे चार ठिकाणी सांगत फिरला. माल त्यानेच कागदावर लिहून दिलेल्या आकड्यावरून आणला होता, आणि तो कागद अजून जपून ठेवलेला आहे.

कागदावर सुतारी पेन्सिलीने लिहिलंय: बैठक १९.४ × ११.१०. खाली २१५.३४.

टेपवर दिसलं होतं १९ फूट ४ इंच आणि ११ फूट १० इंच. तोंडाने बोललेलं माप अगदी बरोबर होतं. घोटाळा झाला तो मधल्या टिंबात. टिंबानंतरचा पहिला आकडा म्हणजे दहावा हिस्सा, आणि फुटात इंच असतात बारा. ४ इंच म्हणजे ०.४ फूट नव्हे, एक तृतीयांश फूट, म्हणजे ०.३३. आणि १० इंच म्हणजे पाच षष्ठांश, ०.८३. बैठकीचं खरं क्षेत्रफळ २२८.७८ चौरस फूट भरतं. कागदावरच्या आकड्यापेक्षा साडेतेराच्या आसपास जास्त.

पेटीत चार टाइल्स येतात. दुकानात ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती टाइल प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची, म्हणजे साधारण २३.६ इंच. त्यामुळे पेटीत १६ नव्हे, १५.५ चौरस फूटच असतात. २१५ च्या हिशेबाने १४ पेट्या आणल्या, ५६ टाइल्स. रुंदीत बरोबर सहा बसत होत्या. लांबीत नऊ अख्ख्या आणि दहावी कापून. म्हणजे सहा दाहे साठ. शेवटच्या ओळीत दोन कापून बसल्या आणि चार जागा उघड्या राहिल्या, खालचा ओला माल तसाच दिसत.

‘काय चिंता करता भाऊ, आपला हिशोब पक्का हाय. दुकानातून एक पेटी आना,’ ठेकेदार म्हणाला. दुकानात त्या बॅचचा माल संपला होता. नवीन पेटीवर नाव तेच, शेडचा नंबर वेगळा.

खरी गोष्ट रात्री कळली. नळाखालची बादली पालथी घालून त्यावर बसून प्रस्तुत लेखकाने तोच गुणाकार मोबाइलवर करून पाहिला. ११.१० टाइप केलं, गुणाकाराचं बटण दाबलं, आणि पडद्यावर ११.१ उरलं. शेवटचं शून्य गेलं, तेव्हा १० इंचांचा एकच इंच झाल्यासारखं वाटलं. शेजारच्या खोलीचं माप ११ फूट ९ इंच होतं, कागदावर ११.९. म्हणजे कागदाप्रमाणे नऊ इंच मोठे आणि दहा इंच लहान! टेपवर दहाचा आकडा नवाच्या पुढे असतो, हे रोज टेप हातात धरणाऱ्या माणसाला सांगावं लागू नये.

इथपर्यंत चूक म्हणून सोडून देता आलं असतं. पण चार दिवसांनी मजुरीचं बिल आलं. त्यात हीच बैठक २० × १२, म्हणजे २४० चौरस फूट झाली होती! शेजारची खोली, ११ फूट ९ इंच गुणिले ९ फूट ४ इंच, खरी १०९.६७. बिलात १२ × १०, १२०. माल सांगताना टिंब आणि मजुरी घेताना पूर्ण फूट. दोन खोल्यांत मिळून साडेएकवीस चौरस फूट जास्त, २५ रुपये दराने ५३९ रुपये. रक्कम मोठी नाही. पण जाब विचारल्यावर ‘फूट पूर्णच धरतात, सगळीकडं असंच असते’ हे ऐकावं लागलं, ते अजून सलतं. सगळीकडे असंच असतं, तर काम सुरू होण्याआधी ते तोंडातून का निघालं नाही?

फूट-इंचांच्या या हिशेबात नवीन काही नाही. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन झाल्याची नोंद त्यात आहे. त्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) करवतीने लाकूड चिरण्याचा एक हिशेब येतो. ओंडका बुडाशी २० अंगुळे, शेंड्याला १६, लांबी १००, आणि चार चिरा. सरासरी जाडी १८, म्हणून १८ गुणिले १०० गुणिले ४, एकूण ७२०० चौरस अंगुळे. हात २४ अंगुळांचा, म्हणून भागायचं २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ ने. उत्तर साडेबारा चौरस हात. आधी सगळं लहान एककात आणायचं, गुणायचं, मग एकदाच भागायचं. हात गेला, फूट आला, एवढाच फरक. रीत तीच चालते.

तेव्हा घर बांधणाऱ्यांनी सगळ्यात आधी माप इंचात लिहून घ्यावं. बैठक २३२ × १४२ इंच, गुणाकार ३२,९४४, त्याला १४४ ने भागा, २२८.७८. मापात कुठेही टिंब येत नाही, म्हणून चुकायला जागाच राहत नाही. फुटातच करायचं असेल तर ३, ६ आणि ९ इंच म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण, एवढं पाठ ठेवावं. बाकीच्या इंचांना १२ ने भागूनच पुढे जावं.

दुसरी चूक शिकलेल्या माणसांकडूनही होते. साडेअकरा गुणिले सव्वानऊ करायला सांगितलं, तर अकरा नवे नव्व्याण्णव, आणि अर्ध्याचा पाव म्हणजे एक अष्टमांश, असं म्हणून थांबतात. कागदावर आयत काढून बघा, त्यात चार तुकडे पडतात. अकरा नवे ९९. अकराचा पाव पावणेतीन. नवाचा अर्धा साडेचार. कोपऱ्यातला लहानसा तुकडा एक अष्टमांश. बेरीज १०६ आणि तीन अष्टमांश. मधले दोन लांबट तुकडे विसरले, तर सव्वासात चौरस फूट गायब. कोपऱ्याचा तुकडा म्हणजे ६ इंच गुणिले ३ इंच, १८ चौरस इंच, आणि असे आठ ठेवले की एक चौरस फूट होतो. बालभारतीच्या सहावीच्या पुस्तकात अपूर्णांकांचा गुणाकार आहे, पण घरातल्या टाइलवर खडूने आखून दाखवला तर तो मुलांना कायमचा कळतो. अर्धा फूट गुणिले अर्धा फूट म्हणजे पाव चौरस फूट, अर्धा नव्हे, हेही तिथेच डोळ्यांनी दिसतं.

आपल्या आजोबांच्या पिढीला पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ असत. औट म्हणजे साडेतीन, दोन औटे सात. शाळेतून हे पाढे गेले, याची हळहळ प्रस्तुत लेखकाला आधीही होती. आता ती जास्त वाटते. सव्वा, दीड, पाऊण बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आख्ख्या फुटाचा हिस्सा उभा राहतो. टिंब लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काहीच राहत नाही.

शेतीच्या व्यवहारात हेच टिंब फार महागात पडतं. एकराचे गुंठे ४०. ‘२ एकर ५ गुंठे’ इसारपावतीवर कुणी २.५ लिहिलं आणि समोरच्याने अडीच एकर वाचलं, तर १५ गुंठ्यांचा फरक पडतो. गुंठा ३३ गुणिले ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. १५ गुंठे म्हणजे १६,३३५. सातबाऱ्यावर टिंब चालतं, कारण हेक्टरचे आर १०० असतात. ०.८१ म्हणजे ८१ आर, त्यात घोळ नाही. पण आर म्हणजे गुंठा नव्हे. आर १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. एकर-गुंठ्याच्या कागदावर टिंब दिसलं की सही करू नये, एकर आणि गुंठे शब्दांत लिहायला लावावं. व्यवहाराआधी मोजणी करून घ्यावी, कागद जपावेत, हे तर सगळेच सांगतात.

टाइल्सची एखादी पेटी जास्तच आणावी. कटिंगमध्ये जाते, फुटते. बैठकीला १५ पेट्यांत जेमतेम साठ झाल्या असत्या, म्हणून १६ घ्यायला हव्या होत्या. सगळ्या पेट्यांवरचा शेड आणि बॅचचा नंबर दुकानातच जुळवून घ्यावा. आणि मजुरी कशी धरणार, खरं माप की पूर्ण फूट, हे पहिली टाइल बसण्याआधी लिहून घ्यावं. ‘विश्वासाचा माणूस आहे’ हे ऐकूनच प्रस्तुत लेखकाने त्या ठेकेदाराला घरात आणलं होतं.

स्वयंपाकघराचं काम दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलं. त्याला माप इंचात लिहायला सांगितलं, तेव्हा तो काही न बोलता टेप घेऊन खाली बसला. त्या कागदावर ११८ × ९४ लिहिलंय, खाली भागिले १४४, उत्तर ७७, आणि दोघांच्या सह्या.