जाताना एक, येताना दुसरीच

पुण्यातल्या एका प्रकाशन संस्थेची बरीच पुस्तकं जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बसवलेली होती. मुद्रितशोधकांना मजकूर युनिकोडमध्ये हवा होता आणि तपासून झाल्यावर तोच परत जुन्या फाइलीत, मांडणी न बिघडता. आधीच्या प्रोग्रामरने त्यासाठी दोन सुटे प्रोग्राम लिहून ठेवले होते, एक जायचा आणि एक यायचा. माझ्याकडे काम आलं ते तक्रारीसकट: मुद्रितशोधकाने प्रकरणातला एक स्वल्पविराम काढला आणि परत आलेल्या फाइलीत पानोपानी ओळी सरकल्या.

घोळ वेलांटीत होता. जुन्या फॉन्टमध्ये ‘कि’ साठवताना वेलांटी आधी, क नंतर, युनिकोडमध्ये उलट. ही अदलाबदल दोन्ही प्रोग्राम बिनचूक करत होते. पण त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी वेगवेगळ्या रुंदीची होती: ‘रि’ला आखूड, ‘स्थि’ला लांब. युनिकोडमध्ये वेलांटी एकच. जाताना रुंदी गळाली, येताना सगळीकडे सरसकट आखूड वेलांटी लागली. डीटीपी ऑपरेटरने नजरेने पारखून बसवलेलं सगळं पाण्यात.

अशा वेळी परतीच्या प्रोग्राममध्ये ठिगळं लावत बसू नका. त्याला नुसता तपासलेला मजकूर मिळतो. त्यात नसलेली रुंदी तो आणणार कुठून? त्याच्या हाती मूळ फाइलही द्यायला हवी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या बेंजामिन पिअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लेन्स’ नावाने जी मांडणी केली, तिचा गाभा हाच आहे. जायच्या ‘गेट’ला एक गोष्ट लागते, परतीच्या ‘पुट’ला दोन: जुना मूळ ऐवज आणि बदललेलं रूप. डेटाबेसवाल्यांचं हे जुनंच दुखणं. व्ह्यूमधला, म्हणजे टेबलांवरून काढलेल्या रूपातला, बदल मूळ टेबलांत कसा उतरवायचा, यावर बान्सिलॉन आणि स्पायराटोस यांचा निबंध 1981 सालचा आहे.

लेन्सचे दोन नियम पाळायचे. काहीच न बदलता परत पाठवलं तर मूळ फाइल बाइटन् बाइट तशीच यावी. आणि जे बदलून पाठवलं, तेच पुन्हा वाचताना दिसावं. पहिल्या नियमाची चाचणी हातातल्या झाडून सगळ्या जुन्या फाइलींवर लावा, नमुन्याच्या चार पानांवर नको. तिसराही एक नियम सांगतात, की लागोपाठ दोनदा परत पाठवणं म्हणजे फक्त शेवटचं पाठवणं. त्याचा हट्ट मी धरत नाही; परिच्छेद काढून पुन्हा घातला, तर त्याची सजावट जाणारच.

दुसऱ्या नियमाने मला ‘आचाऱ्यांना’ या शब्दापाशी अडवलं. युनिकोडमध्ये हा अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ घेऊन, किंवा साध्या र्‌ नंतर झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं चिन्ह घालून. फॉन्टमध्ये खूण एकच, त्यामुळे पाठवलेला एक प्रकार दुसरा होऊन परत येतो. कुणी ‘अदृश्य कचरा’ म्हणून ते चिन्ह पुसलं, तर लग्नाचा स्वयंपाक थेट आचार्यांच्या गळ्यात. म्हणून मजकूर आत घेतानाच एक रूप ठरवून घ्यावं आणि कोणती रूपं सारखी मानली, ते लिहून ठेवावं.

मूळ आणि बदललेला मजकूर जुळवताना परिच्छेदांच्या क्रमांकावर विसंबू नका. वरचा एक परिच्छेद उडाला की खालच्या सगळ्यांना शेजाऱ्याची सजावट चिकटते. प्रत्येकाला कायमची ओळखखूण द्या. पिअर्स यांच्याच गटाच्या ‘बूमरँग’ या भाषेत अशा ओळखखुणांची सोय आहे. लिनक्सच्या सेटिंग फाइली टिप्पण्या शाबूत ठेवून बदलणारं ‘ऑगियस’ हे साधन त्याच वळणाचं. स्वतःचं काही लिहिण्याआधी ते जरूर चाळा.

आणि कामाला हात घालण्यापूर्वी विचारा, परतीची वाट खरंच लागणार आहे का? या प्रकाशकांना ती फक्त पुनर्मुद्रणाला निघालेल्या पुस्तकांपुरती हवी होती. बाकीची आम्ही एकदाच युनिकोडमध्ये आणली, आणि त्यांच्या जुन्या फाइली फक्त वाचण्यापुरत्या खुल्या ठेवल्या.