रुग्णालयाची औषधशाळा आणि तेथील मदतनिसाचे संरक्षण

रुग्णालयातील औषधशाळेची एक खिडकीच तेवढी सामान्य माणसास दिसते. खिडकीतून कागद आत जातो व औषध बाहेर येते. पूर्वी आत बसणाऱ्या गृहस्थास आपल्याकडे कंपाउंडर म्हणत. खल, बत्ता, काचेच्या बाटल्या आणि मात्रांच्या खुणा केलेली कागदी पट्टी हे त्याचे साहित्य होते. आता औषधे बहुतेक तयारच येतात. तरी आतले काम कमी झाले आहे असे नव्हे.

फार्मसी अधिनियम, १९४८ अन्वये वैद्याच्या चिठ्ठीप्रमाणे औषध तयार करण्याचा व देण्याचा अधिकार नोंदणीकृत औषधनिर्मात्यासच आहे. मदतनीस त्याच्या देखरेखीखाली काम करतो. आलेली खोकी उघडणे, गट-क्रमांक व मुदत पडताळणे, ज्यांची मुदत आधी संपते ती औषधे पुढे मांडणे, शीतकपाटाचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस या मर्यादेत आहे की नाही ते नोंदणे, कक्षाकक्षांत औषधे पोहोचविणे आणि शेवटी सर्व जागा स्वच्छ करणे ही त्याची कामे होत. अधिकाराने तो दुय्यम खरा. परंतु हवेत उडालेला औषधाचा कण कोणाचा हुद्दा पाहत नाही.

काही धोके उघड आहेत. सलाइनच्या अर्ध्या लिटरच्या २४ बाटल्यांत १२ किलोग्रॅम द्रवच असतो. असे खोके कंबरेतून वाकून न उचलता गुडघे वाकवून, अंगालगत धरून उचलावे. काचेची अँप्यूल फोडताना मानेभोवती कापसाचा किंवा गॉझचा बोळा धरावा. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नये. बोट टोचण्याचा संभव त्या क्षणीच अधिक असतो. हे धोके डोळ्यांना दिसतात, म्हणून माणूस त्यांच्याबाबत सावध राहतो. न दिसणारा धोका निराळा, आणि त्याचा विचार येथे अधिक विस्ताराने केला पाहिजे.

कर्करोगावरील पुष्कळ औषधे पेशींचे विभाजन रोखून कार्य करतात. या औषधांचा उगमच मुळी विषारी वायूच्या अभ्यासात आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, मस्टर्ड वायू वापरण्यात आला. त्याने बाधित झालेल्या सैनिकांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटलेल्या आढळल्या. त्याच कुळातील नायट्रोजन मस्टर्ड या द्रव्याचा अभ्यास अमेरिकेत येल विद्यापीठात लुई गुडमन व आल्फ्रेड गिलमन यांनी केला, आणि १९४२ साली ते लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णास देऊन पाहण्यात आले. सायक्लोफॉस्फमाइड हे आजही वापरात असलेले औषध त्याच घराण्यातील आहे. रुग्णास ते जीवदान देऊ शकते; परंतु निरोगी मनुष्यात कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या यादीतही त्याचे नाव आहे. रुग्ण हा धोका लाभासाठी पत्करतो. औषध हाताळणाऱ्यास मात्र लाभ काहीच नाही.

ही शंका १९७९ साली प्रयोगाने दृढ झाली. फिनलंडमधील संशोधकांनी अशी औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांच्या मूत्राची जिवाणूंवर परीक्षा केली, तेव्हा जिवाणूंच्या आनुवंशिक द्रव्यात बदल घडविण्याचा गुण त्यात आढळला. पुढे १९८२ साली अमेरिकेत औषधशाळेतील कर्मचाऱ्यांची अशीच तपासणी झाली. जे आडव्या वायुप्रवाहाच्या कपाटापुढे काम करीत, त्यांच्या मूत्रात हा गुण कामाच्या दिवसांत वाढत गेला व काम थांबल्यावर ओसरला. उभ्या प्रवाहाच्या बंदिस्त कपाटात काम करणाऱ्यांत तो आढळला नाही.

या फरकाचे कारण साधे आहे. आडव्या प्रवाहाच्या कपाटात गाळलेली शुद्ध हवा मागून पुढे, म्हणजे काम करणाऱ्याच्या तोंडाकडे वाहते. औषधात जंतू शिरू नयेत एवढाच तिचा हेतू असतो, व तो सफल होतो. पण उडालेले तुषारही तीच हवा माणसाच्या अंगावर आणते. उभ्या प्रवाहाच्या कपाटात शुद्ध हवा वरून खाली येते, समोरच्या फटीतून खोलीतील हवा आत ओढली जाते आणि बाहेर जाणारी हवा पुन्हा सूक्ष्म गाळणीतून जाते. येथे औषधाचेही रक्षण होते आणि माणसाचेही. ‘स्वच्छ हवेचे कपाट’ या एकाच नावाखाली दोन्ही ओळखली जातात, हे माझ्या मते घातक आहे. कपाटासमोर बसण्यापूर्वी हवा कोणत्या दिशेने वाहते ते विचारलेच पाहिजे.

तुषार उडतात तरी कसे? रबरी बुचाच्या कुपीत पूड आहे व तिच्यात २० मिलिलिटर हवा आहे असे समजा. सुईने १० मिलिलिटर पाणी आत घातले आणि हवा बाहेर काढली नाही, तर ती हवा १० मिलिलिटर जागेत कोंडली जाते व तिचा दाब दुप्पट होतो. शाळेत शिकलेला बॉइलचा नियम तो हाच. आता सुई बाहेर ओढताच छिद्रातून औषध फवाऱ्यासारखे उडते. म्हणून पाणी थोडे थोडे घालावे व तितकीच, किंबहुना किंचित अधिक, हवा पिचकारीत परत ओढून घ्यावी. औषध काढताना याच्या उलट, जितके औषध काढावयाचे त्याहून थोडी कमी हवा आत सोडावी. हे काम औषधनिर्मात्याचे असले तरी शेजारी उभ्या असलेल्या मदतनिसासही त्यातील मर्म ठाऊक असावे.

हातमोजे दुहेरी घालावे आणि ते ठरल्या वेळी, किंवा फाटताच, बदलावे. अंगरखा पुढून बंद असावा. शस्त्रक्रियेच्या वेळी बांधतात तो कापडी पडदा असे तुषार अडविण्यास अपुरा आहे. त्या खोलीत खाणे, पिणे, तंबाखू मळणे सर्वथा वर्ज्य. गरोदर असलेल्या किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रीस दुसरे काम द्यावे; आणि तसे मागण्यात तिला संकोच वाटू नये, ही जबाबदारी वरिष्ठांची आहे.

औषध सांडल्यास प्रथम इतरांना दूर करावे व मगच मोजे, अंगरखा, चष्मा व योग्य मुखपट्टी चढवून पुसावयास घ्यावे. पूड सांडली असेल तर ओल्या फडक्याने टिपावी, झाडू कधीही लावू नये. द्रव शोषक कापडाने टिपून, कडेकडून मध्याकडे पुसत यावे व जागा साबणाच्या पाण्याने वारंवार धुवावी. अंगावर पडल्यास त्वचा साबणाने व डोळे नुसत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून वैद्यास दाखवावे आणि घटना नोंदवहीत लिहावी. पुसलेली फडकी, मोजे आणि रिकाम्या कुप्या नेहमीच्या कचऱ्यात जात नाहीत. जैववैद्यकीय कचऱ्यासंबंधीच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे त्या पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात जातात आणि १,२०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाच्या भट्टीत जाळल्या जातात.