किल्ला म्हणजे चढणच नव्हे

प्रश्न : कंपनीला गुरुवारी सुट्टी असते. सत्तरीची आई आणि सात वर्षांची मुलगी यांना किल्ले दाखवायचे आहेत; पण आईचे गुडघे दुखतात. बेत सोडून द्यावा का?
– एक वाचक, भोसरी

उत्तर : मुळीच नको. प्रत्येक किल्ला डोंगरावरच असतो असं नाही. चाकणचा संग्रामदुर्ग भुईकोट आहे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाएस्ताखानाविरुद्ध तो सुमारे दोन महिने लढवला. उरलेली तटबंदी, बुरूज आईंना सावकाश दाखवा. लोहगड वेगळ्या गुरुवारी करा; शनिवार-रविवारची गर्दी टळेल. लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते, पुढे मात्र पायऱ्या आहेत. आईंसोबत पायथ्याशी कुणीतरी थांबा. पावसात पायऱ्या निसरड्या होतात, म्हणून मुलीला हिवाळ्यातच न्या. पाणी सोबत ठेवा आणि एका दिवशी एकच किल्ला पाहा.