अंधारातील धीर

धैर्य म्हटले की रणांगणावर तलवार गाजवणारा वीर आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु धैर्याचा आणखी एक प्रकार आहे. त्यात हात उगारायचा नसतो, पाऊल पुढे टाकायचे नसते. केवळ स्वस्थ पडून राहायचे असते. पाहणाऱ्याला त्याचे मोल सहसा कळत नाही, पण ते साधणे फार कठीण असते. इंग्लंडमधील एका वृद्ध धर्मोपदेशकाने १८४६ साली असे धैर्य दाखवले. त्यांचे नाव पॅट्रिक ब्राँटे.

पॅट्रिक यांचा जन्म १७७७ साली आयर्लंडमधील एका गरीब कुटुंबात झाला. ते हिमतीने शिकले, केंब्रिज विद्यापीठाचे पदवीधर झाले आणि पुढे धर्मोपदेशक बनले. १८२० पासून ते यॉर्कशर परगण्यातील हॉवर्थ या डोंगराळ गावी राहत होते. तेथे त्यांच्यावर दुःखाचे आघात एकामागून एक झाले. १८२१ साली पत्नी वारली. १८२५ साली दोन थोरल्या मुली काही आठवड्यांच्या अंतराने देवाघरी गेल्या. मागे राहिली ती चार मुले: शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन. यांतील तिन्ही बहिणी पुढे कादंबरीकार म्हणून जगभर प्रसिद्ध झाल्या.

साठी उलटल्यावर पॅट्रिक यांच्या दृष्टीला मांद्य येऊ लागले. आपल्या डोळ्यातील बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. वयोमानाने ते गढूळ झाले, की प्रकाश आत नीट शिरत नाही आणि समोरचे सारे धुक्यात बुडाल्यासारखे दिसू लागते. हाच मोतीबिंदू. पॅट्रिक यांना वाचता येईना, लिहिता येईना, कोणी हात धरल्यावाचून वाट चालता येईना. तरीही त्यांनी आपले काम टाकले नाही. कोणीतरी त्यांना प्रार्थनामंदिरातील व्यासपीठावर नेऊन उभे करी आणि ते प्रवचन करीत. समोरचे घड्याळ त्यांना दिसत नसे. पण त्यांचे प्रवचन पूर्वीप्रमाणेच बरोबर अर्ध्या तासाने संपे. लोक या नियमितपणाचे कौतुक करीत. त्यांचे मन मात्र आतून खिन्न होई. आता आपण गावाच्या उपयोगी पडणार नाही, ही चिंता त्यांना पोखरीत होती.

१८४६ च्या ऑगस्ट महिन्याच्या आरंभी शार्लट आणि एमिली या दोघी बहिणी नेत्रवैद्याच्या शोधात मँचेस्टर शहरी गेल्या. तेथे विल्यम जेम्स विल्सन नावाचे निष्णात शल्यवैद्य त्यांना भेटले. मोतीबिंदू पिकला आहे की नाही, हे डोळे पाहिल्यावाचून सांगता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. तेव्हा १९ ऑगस्टला शार्लट वडिलांना घेऊन मँचेस्टरला आली. विल्सन यांनी डोळे तपासले आणि शस्त्रक्रिया करण्याचे ठरवले. त्या वेळी पॅट्रिक एकोणसत्तर वर्षांचे होते.

त्या काळी डोळ्याची शस्त्रक्रिया म्हणजे काय होते, हे समजून घेतले पाहिजे. मोतीबिंदूवर दोन उपाय होते. एक फार प्राचीन. सुईने गढूळ भिंग बाहुलीसमोरून ढकलून खाली सारायचे. आपल्याकडील सुश्रुतसंहितेत अशा शस्त्रकर्माचे वर्णन आहे. दुसरा उपाय अठराव्या शतकात फ्रान्समधील दाव्हिएल या शल्यवैद्याने रूढ केला. त्यात डोळ्याला छेद देऊन गढूळ भिंग बाहेर काढीत. विल्सन यांनी हा दुसरा, अधिक अवघड उपाय निवडला. परंतु रुग्णाला गुंगी आणण्याची विद्या तेव्हा इंग्लंडमध्ये कोणालाच अवगत नव्हती. अमेरिकेतील बोस्टन शहरी ईथर हुंगवून केलेली पहिली प्रसिद्ध शस्त्रक्रिया १६ ऑक्टोबर १८४६ रोजी झाली, म्हणजे पॅट्रिक यांच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे सात आठवड्यांनी. डोळा बधिर करणारे औषध तर १८८४ साली आले. तेव्हा शस्त्र डोळ्याला लागत असताना रुग्ण पूर्ण जागा असे. त्याने जराशी मान हलवली, दचकून अंग आखडले, तरी डोळा कायमचा जाण्याची भीती! वैद्याच्या हाती जसे धारदार शस्त्र लागे, तसेच रुग्णाच्या अंगी स्थिर मन लागे. दोहोंपैकी एक जरी चुकले, तरी सारे श्रम वाया जात.

२५ ऑगस्टचा दिवस उजाडला. विल्सन यांच्या मदतीला आणखी दोन शल्यवैद्य आले. बाहुली विस्तारण्यासाठी डोळ्यात बेलाडोना हे औषध दोनदा घातले. ते विषारी असते. क्षणभर तीव्र कळ आली. मग डाव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया सुरू झाली. ती पंधरा मिनिटे चालली. डोळ्यात आग होत होती, पण ती असह्य नव्हती, असे पॅट्रिक यांनी मागाहून लिहून ठेवले आहे. ते जागचे हलले नाहीत. त्यांची सहनशीलता पाहून शल्यवैद्यांनाही आश्चर्य वाटले.

मुलीने खोलीतच थांबावे, अशी पॅट्रिक यांची इच्छा होती. तीस वर्षांची शार्लट तेथे उभी राहिली. ती एक शब्दही बोलली नाही, जागची हललीही नाही. वडिलांना कसे वाटते हे विचारण्याचा मोह तिला झाला नसेल काय? पण त्या पंधरा मिनिटांत एखादा कळवळ्याचा शब्दही घातक ठरला असता. आपले माणूस जवळ आहे, एवढे पॅट्रिक यांना ठाऊक होते आणि तेवढेच पुरेसे होते.

खरी कसोटी यापुढे होती. डोळ्याच्या छेदाला टाके घालण्याची सोय त्या काळी नव्हती. जखम आपोआप भरून येईपर्यंत रुग्णाने निश्चल राहणे, हाच उपाय. पहिले चार दिवस तर पॅट्रिक यांना जागचे हलवायचे नव्हते. त्यांनी शक्यतो बोलू नये आणि कोणी त्यांच्याशी बोलू नये, अशी वैद्यांची आज्ञा होती. डोळ्याला दाह होऊ नये म्हणून त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना एकदा आठ आणि पुन्हा एकदा सहा जळवा लावल्या. असा एक महिना ते डोळ्यांवर पट्ट्या बांधून अंधाऱ्या खोलीत उताणे पडून होते. दृष्टी येईल की नाही, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

या महिन्यात त्यांना आधार कोणाचा होता? पहिला आधार ईश्वरावरील श्रद्धेचा. मात्र या श्रद्धेने त्यांना वैद्यापासून दूर ठेवले नाही. योग्य उपचार घ्यावा, तो निमूटपणे सोसावा आणि फळ ईश्वरावर सोपवावे, अशी त्यांची वृत्ती होती. दुसरा आधार माणसांचा. एक परिचारिका रात्रंदिवस त्यांची शुश्रूषा करीत होती. गावाकडे एमिली आणि अ‍ॅन घर सांभाळीत होत्या. पॅट्रिक यांची दृष्टी मंदावल्यापासून प्रार्थनामंदिराच्या कामाचा बराच भार आर्थर बेल निकल्स या तरुण सहाय्यकाने उचलला होता.

शार्लटलाही आधाराची गरज होतीच. परक्या शहरात, भाड्याच्या खोल्यांत, ती एकटीच सारा संसार चालवीत होती. शिवाय तिची दाढ ठणकत होती. आपली बालमैत्रीण एलेन नसी हिला ती पत्रे लिही. त्यांत शस्त्रक्रियेची हकीकत असे, तशाच घरगुती अडचणीही असत. वडिलांचे जेवण अगदी साधे, चहा आणि लोणी-पाव मिळाला तरी ते तृप्त. पण परिचारिकेला काय वाढावे, याची शार्लटला काळजी! त्याविषयी तिने मैत्रिणीचा सल्ला मागितला. मोठ्या संकटात अशा लहान काळज्या कोणाला तरी सांगता आल्या, की मनावरचे ओझे हलके होते.

शार्लटची चरित्रलेखिका एलिझाबेथ गॅस्केल हिने एक गोष्ट नमूद केली आहे. शस्त्रक्रियेच्या दिवशीच शार्लटने लिहिलेली एक कादंबरी प्रकाशकाकडून नापसंत होऊन परत आली. दुसरी कोणी असती तर खचून गेली असती. शार्लटने मात्र शेजारच्या खोलीत वडील अंधारात पडून असताना, त्याच शहरात नवी कादंबरी लिहावयास घेतली. तिचे नाव ‘जेन एअर’. १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये ती प्रसिद्ध झाली आणि इंग्रजी वाङ्मयात अजरामर ठरली. तिच्या अखेरीस अंध झालेल्या नायकाला एका डोळ्याने पुन्हा दिसू लागते, हे वाचताना मँचेस्टरची ती खोली आठवल्यावाचून राहत नाही.

सप्टेंबरच्या अखेरीस बापलेक हॉवर्थला परतले. पॅट्रिक यांना हळूहळू स्पष्ट दिसू लागले आणि ते पुन्हा कामाला लागले. आपल्याजवळच्या एका वैद्यकीय ग्रंथाच्या समासात त्यांनी या शस्त्रक्रियेची हकीकत टिपून ठेवली. सुमारे वर्षभराच्या अंधत्वानंतर आपण वाचू, लिहू आणि सोबतीवाचून चालू शकतो, याचे श्रेय त्यांनी ईश्वराच्या कृपेला आणि वैद्यांच्या कौशल्याला, दोहोंनाही दिले. पुढे शार्लटने आपले पुस्तक वाचावयाचा आग्रह केला, तेव्हा डोळ्यांना ताण पडेल अशी शंका त्यांनी काढली. ते हस्तलिखित नसून छापील पुस्तक आहे, असे तिने सांगितले; आणि त्यांनी ‘जेन एअर’ स्वतःच्या डोळ्याने वाचली!

पुढील काळात पॅट्रिक यांच्या हयातीतच त्यांची चारही मुले निवर्तली. शार्लटचा विवाह १८५४ साली निकल्स यांच्याशी झाला. पण दुसऱ्याच वर्षी तीही गेली. तेव्हा या जावयानेच वृद्ध सासऱ्याला अखेरपर्यंत सांभाळले. पॅट्रिक १८६१ साली, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी वारले.

आज मोतीबिंदूची शस्त्रक्रिया थोड्या वेळात होते. औषधाने डोळा बधिर करतात, गढूळ भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जातो. तरीही डोळ्याजवळ शस्त्र येणार म्हटले, की मन धास्तावतेच. अशा वेळी आपल्या आजोबांना वा आजीला काय हवे असते? तज्ज्ञ हातांवर भरवसा, ज्याच्या त्याच्या श्रद्धेचे बळ आणि उगीच बडबड न करता जवळ बसणारे आपले माणूस. पहिली दोन त्यांची त्यांनाच मिळवावी लागतात. तिसरे आपण होऊ शकतो.

अभ्यास

१. पॅट्रिक यांना मोतीबिंदूमुळे कोणत्या अडचणी आल्या? त्यांचे मन खिन्न का होई?
२. शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाने स्थिर राहणे इतके आवश्यक का होते?
३. शार्लट खोलीत असूनही काहीच बोलली नाही. तिच्या मौनाचा वडिलांना काय उपयोग झाला?
४. श्रद्धा आणि वैद्यकीय उपचार यांविषयी पॅट्रिक यांची वृत्ती कशी होती?
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: निष्णात, निश्चल, शुश्रूषा, धास्तावणे.
६. तुमच्या घरी वा शेजारी कोणी आजारी असताना तुम्ही कोणती मदत केली, ते दहा ओळींत लिहा.