पिनवरचा इंटरप्ट हरवतो तेव्हा

पिन कंट्रोलरच्या ड्रायव्हरमध्ये बहुतेक ओळी तक्त्यांच्या असतात. कुठल्या पिनला कुठलं काम देता येतं, पुल-अप कुठल्या बिटने लागतो, कुठला गट कुठल्या पत्त्यावर आहे, असा सगळा ऐवज. तक्त्यात चूक असेल तर पिन चालतच नाही, त्यामुळे चूक लगेच पकडली जाते. इंटरप्ट हाताळणारा भाग छोटा असतो, पण तिथली चूक कधीतरीच दिसते आणि दिसली तरी दुसऱ्याच कुणाच्या माथी बसते. सेन्सर बदलले जातात, केबली बदलल्या जातात, गिऱ्हाइकाच्या विजेला दोष दिला जातो. लिनक्सवर हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांचा तो मनस्ताप वाचावा, म्हणून हे लिहितो आहे.

पुण्यात आम्ही एका मोजणी यंत्रावर काम करत होतो. दोन फ्लो मीटर, प्रत्येकाच्या पल्ससाठी एकेक पिन, दोन्ही पिना एकाच बँकेत. एकेक मीटर सुटा चालवला की आकडा बरोबर. दोन्ही एकदम चालले की थोडी तूट यायची, आणि ती इतकी थोडी की मीटरच्या अचूकतेच्या मर्यादेत खपून जायची. स्कोप लावला तर पल्स स्वच्छ, एकही कमी नाही. ड्रायव्हर चिपबरोबरच आला होता आणि इतर बोर्डांवर वर्षानुवर्षं चालत होता, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नव्हतं. पण सुटं चालताना बरोबर आणि एकत्र चालताना चूक, हे लक्षण मीटरचं नव्हे. दोन्ही मीटरांमध्ये सामायिक असं एकच होतं, ते म्हणजे बँकेचं स्टेटस रजिस्टर.

त्या रजिस्टरमध्ये प्रत्येक पिनसाठी एक बिट असतो. पिनवर एज आली की हार्डवेअर तो १ करतं, आणि ड्रायव्हरने त्याच बिटवर १ लिहिला की तो पुसला जातो. ० लिहिलेल्या बिटांना धक्का लागत नाही. रास्पबेरी पायच्या बीसीएम२८३५ चिपमध्येही अशीच सोय आहे. आमच्या ड्रायव्हरमध्ये मात्र पोच देताना, म्हणजे अ‍ॅक करताना, आधी रजिस्टर वाचून त्यात आपला बिट मिसळून परत लिहिलेलं होतं. कॉन्फिगरेशनच्या रजिस्टरांसाठी ही रीत योग्यच आहे. इथे ती घातक ठरली. सहाव्या पिनची पोच देण्यासाठी रजिस्टर वाचलं, तेवढ्यात नवव्या पिनवर एज येऊन गेलेली असली तर तिचाही १ वाचला गेला आणि तसाच परत लिहिला गेला. आवक टपालाच्या वहीत आपल्या पत्रापुढे सही करायची ती अख्ख्या पानावर करावी, तसं हे झालं. नवव्या पिनचा हँडलर चाललाच नाही, आणि कुठल्याही लॉगमध्ये त्याची नोंद उरली नाही. दुरुस्ती एका ओळीची होती: वाचू नका, फक्त आपला बिट लिहा.

तेव्हापासून नवी डेटाशीट हाती आली की मी सगळ्यात आधी प्रत्येक स्टेटस रजिस्टर कसं पुसलं जातं ते शोधतो. काही ठिकाणी १ लिहून, काही ठिकाणी ० लिहून, तर काही ठिकाणी नुसतं वाचल्याने. शेवटचा प्रकार फसवा आहे. एमसीपी२३०१७ या सोळा पिनांच्या आय-टू-सी एक्स्पांडरमध्ये पोर्ट वाचलं की इंटरप्ट उतरतो. अशा चिपवर तपासासाठी रजिस्टरांचा डंप काढणारा माणूसच इंटरप्ट खाऊन टाकतो. रेगमॅपमध्ये अशी रजिस्टरं ‘प्रेशस’ म्हणून नोंदवण्याची सोय आहे, ती केली की डीबगएफएस त्यांना हात लावत नाही.

दुसरा मुद्दा क्रमाचा. एज असेल तर आधी पोच, मग काम. काम चालू असताना आलेली नवी एज स्टेटसमध्ये पुन्हा उमटली पाहिजे. पोच शेवटी दिली तर तिच्यासह तीही पुसली जाते. लेव्हलचं उलट आहे. लाइन जोवर वर आहे तोवर स्टेटस पुसून उपयोग नाही, पुसल्यापुसल्या ते परत उमटतं. तिथे आधी पिन मास्क करायची, यंत्राच्या ड्रायव्हरला कारण मिटवू द्यायचं, आणि जी चिप लेव्हलही लॅच करते तिच्यात अनमास्क करण्याआधी स्टेटस पुसायचं. कर्नलमधल्या ओमॅपच्या जीपीआयओ ड्रायव्हरमध्येही लेव्हलचं स्टेटस हँडलर चालून गेल्यावरच पुसलं जातं, तो कोड जरूर वाचावा.

एज आणि लेव्हलचे हँडलर कर्नलमध्ये तयारच आहेत. ‘सेट टाइप’मध्ये प्रकारानुसार योग्य तो बसवायचा, आणि प्रकार ठरेपर्यंत ‘हँडल बॅड आयआरक्यू’ ठेवायचा. काही लोक सगळ्यालाच ‘सिंपल’ हँडलर लावून मोकळे होतात. चाचणीच्या टेबलावर ते चालतंही, पण प्रकार न सांगता इंटरप्ट मागणारा ड्रायव्हर मग पकडलाच जात नाही. प्रकार बदलताना हार्डवेअरमध्ये खोटी एज उमटू शकते, म्हणून त्या वेळी पिन मास्क ठेवून बदलानंतर तिचा स्टेटस बिट पुसावा.

मास्कबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण हे मला फार उशिरा कुणीतरी समजावलं. काही चिपांमध्ये मास्क केल्यावरही एजची नोंद होत राहते, फक्त ती प्रोसेसरपर्यंत पोचत नाही. काहींमध्ये नोंदच थांबते, आणि मास्कच्या काळात आलेली एज कायमची जाते. कुणी ‘डिसेबल आयआरक्यू’ बोलावलं तरी कर्नल सहसा हार्डवेअर लगेच मास्क करत नाही. इंटरप्ट बंद असल्याची तो फक्त खूण करून ठेवतो. त्या काळात खरोखर इंटरप्ट आला तरच तो मास्क करतो, आल्याची आठवण ठेवतो आणि पुन्हा सुरू केल्यावर हँडलर चालवतो. ही आळशी पद्धत दुसऱ्या प्रकारच्या चिपांना वाचवते. ड्रायव्हरमध्ये नीटनेटकेपणासाठी म्हणून ‘आयआरक्यू डिसेबल’ हे कॉलबॅक भरलं की हे संरक्षण जातं. गरज नसेल तर ते रिकामंच सोडा.

आता इंटरप्टच्या वादळाचा धोका. बँकेतल्या सगळ्या पिनांचा मिळून एकच इंटरप्ट वरच्या कंट्रोलरकडे जातो, आणि तो फोडून पिनवार वाटायचं काम आपला ड्रायव्हर करतो. त्यासाठी चेन्ड हँडलर वापरण्याचा प्रघात आहे, आणि एआरएम चिपांवर तो चांगला चालतो. पण साध्या इंटरप्टवर कर्नलचा पहारा असतो. एक लाखांपैकी ९९,९०० हून जास्त इंटरप्ट कुणीच आपले म्हटले नाहीत, तर कर्नल ती लाइन बंद करतो आणि लॉगमध्ये ‘नोबडी केअर्ड’ लिहून ठेवतो. चेन्ड हँडलर या पहाऱ्याच्या बाहेर राहतो. २०१७ मध्ये एका वापरकर्त्याचं नवं रायझन यंत्र बूट होतानाच गोठायचं. एएमडीचा पिन कंट्रोलर ड्रायव्हर सुरू झाला की इंटरप्टचं वादळ उठायचं, आणि दोष हार्डवेअरचा की फर्मवेअरचा हेही स्पष्ट नव्हतं. थॉमस ग्लाइक्सनर यांनी तो ड्रायव्हर चेन्डवरून साध्या इंटरप्टवर नेला. त्यामुळे वादळ पहाऱ्यात सापडू लागलं आणि यंत्र बूट होऊ लागलं. फर्मवेअर आपल्या हातात नसेल तर मी तरी साध्या इंटरप्टचाच आग्रह धरेन. हँडलरने एकही पिन हाताळली नसेल तर ‘नन’ परत करावं, उगाच ‘हँडल्ड’ म्हणू नये. तसं म्हटलं की पहारेकरी आपणच झोपवतो.

बूटच्या वेळचा गोंधळ टाळायला, इंटरप्ट नोंदवण्याआधी सगळ्या पिना मास्क करून स्टेटस पुसून घ्या. बूटलोडरने काय मागे ठेवलं आहे याचा भरवसा नसतो. जीपीआयओलिबमध्ये याचसाठी ‘इनिट एचडब्ल्यू’ हे कॉलबॅक आहे. आणखी एक. इंटरप्ट मागणाऱ्याने आधी ती पिन जीपीआयओ म्हणून मागितलीच असेल असं धरून चालू नका. डिव्हाइस ट्रीमधून थेट इंटरप्ट मागता येतो. त्या वेळी पिनचा मक्स वेगळ्या कामावर असेल तर इंटरप्ट कधीच येणार नाही, आणि तक्रार मात्र टचस्क्रीनची होईल. पिन इनपुटवर आणण्याची जबाबदारी इंटरप्टच्या बाजूनेही घ्यावी लागते.

लॉकबाबत नियम सोपा आहे: मास्क, अनमास्क, अ‍ॅक आणि सेट टाइपमध्ये रॉ स्पिनलॉकच वापरा. साध्या कर्नलवर रॉ आणि साधा हे दोन्ही स्पिनलॉक सारखेच वागतात, म्हणून चूक झाकली जाते. रिअल-टाइम कर्नलवर साधा स्पिनलॉक झोपू शकतो, आणि या कॉलबॅकना झोपायची मुभा नाही. प्रीएम्ट-आरटी २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आलं आहे, तेव्हा ‘आमच्याकडे कोण वापरतं’ ही सबब आता चालणार नाही. आय-टू-सी एक्स्पांडरच्या बसवर बोलताना झोपावंच लागतं. तिथे बदल आठवणीत साठवून ‘बस सिंक अनलॉक’मध्ये एकदम लिहायचे आणि हँडलर थ्रेडमध्ये चालवायचा.

जुना ड्रायव्हर समोर ठेवून नवा लिहिताना त्याचं वय पाहा. २०२२ पासून आयआरक्यू चिपची रचना स्थिर, ‘इम्यूटेबल’, ठेवण्याची पद्धत आली. आधी जीपीआयओलिब ती चालू असताना आतून बदलत असे. नव्या पद्धतीत मास्क-अनमास्कमध्ये जीपीआयओलिबला कळवणं आपल्याकडे आहे.

आणि बोर्ड पुढे पाठवण्याआधी ही चाचणी करा. सिग्नल जनरेटरचं एकच आउटपुट एकाच बँकेतल्या दोन पिनांना जोडा, दोन्हींवर एज इंटरप्ट घ्या, ठरलेल्या संख्येचे पल्स सोडा आणि प्रॉकमधल्या इंटरप्ट्स फाइलमध्ये दोन्ही आकडे ताडून पाहा. मग जनरेटरचे दोन चॅनल घेऊन दोन पल्समधलं अंतर थोडं थोडं सरकवत जा, हँडलर चालू असताना दुसरी एज येईल इतकं. सुट्या पिनवर कितीही दिवस चाचणी केली तरी आमच्या ड्रायव्हरमधली ती चूक सापडली नसती.