सवलत, तोटा आणि मुक्कामी गाडी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याच्या जवळच, टोपी बाजार आहे. दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ १८१० च्या सुमारास येथे पडला व त्या छावणीचेच पुढे लष्कर हे नगर झाले. मराठी कुटुंबांची वस्ती या भागात तेव्हापासूनची आहे. आजूबाजूच्या खेड्यांतील माणसे या बाजारात खरेदीस येतात. ती ज्या गाड्यांनी येतात त्यांत मध्य प्रदेश राज्याच्या परिवहन महामंडळाची गाडी मात्र नसते. १९६२ साली स्थापन झालेले ते महामंडळ सततच्या तोट्यामुळे बंद करण्याचा निर्णय त्या राज्याने २००५ साली घेतला. शेजारच्या महाराष्ट्रात त्याच कायद्याखालील महामंडळ आजही चालू आहे आणि तेही तोट्याच्या तक्रारीतून सुटलेले नाही. सवलती कमी कराव्यात काय, गाड्या खासगी मालकांकडे सोपवाव्यात काय, या वादाचा अभ्यास करण्यास ही दोन राज्ये शेजारी शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल.

हा वाद नवा नाही, आणि त्याचा एक धागा ग्वाल्हेरचाच आहे. स्वातंत्र्यापूर्वी ‘ग्वाल्हेर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी’ ही कंपनी दिल्ली शहरात बस चालवीत असे. तिची सेवा अपुरी पडते असे आढळल्यावरून केंद्र शासनाने मे १९४८ मध्ये ती वाहतूक स्वतःकडे घेतली. पुढच्याच महिन्यात, १ जून १९४८ रोजी, त्या वेळच्या अहमदनगरहून (आताचे अहिल्यानगर) पुण्याकडे मुंबई राज्याची पहिली एस.टी. निघाली. दिल्लीत १९९२ साली खासगी बसगाड्यांना पुन्हा वाव देण्यात आला. उतारू मिळविण्यासाठी त्यांनी रस्त्यावर शर्यती लावल्या, अपघातांनी त्यांचे नाव खराब झाले आणि दोन दशकांतच त्या हटवाव्या लागल्या. सरकारी सेवा अपुरी म्हणून खासगी, खासगी सेवा असह्य म्हणून सरकारी, असा हा हेलकावा आहे. केवळ मालक बदलल्याने प्रश्न सुटत नाही, एवढे तरी त्यावरून दिसते.

मूळ अडचण १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यातच आढळते. महामंडळाने कार्यक्षम, पुरेशी व काटकसरीची वाहतूक सेवा पुरवावी, असे हा कायदा एका कलमात सांगतो. दुसऱ्या कलमात तो म्हणतो की महामंडळाने आपला कारभार व्यापारी तत्त्वावर करावा. शहरांदरम्यानच्या वर्दळीच्या मार्गावर या दोन आज्ञा एकमेकींशी भांडत नाहीत. डोंगरकपारीतील गावच्या रस्त्यावर मात्र त्या भांडतात.

त्यासाठी मुक्कामी गाडीचे उदाहरण घ्यावे. ही गाडी संध्याकाळी तालुक्याच्या गावाहून निघते, शेवटच्या गावी रात्रभर थांबते आणि पहाटे विद्यार्थी, दवाखान्यात जाणारे रोगी, दूध व भाजी विकणारे यांना घेऊन परत येते. चालक व वाहक गावातच झोपतात. त्यांच्या निजण्याची सोय पुष्कळदा ग्रामपंचायत करते. जाताना बाजारहाट करून परतणारी चार माणसे, येताना गच्च भरलेली गाडी. पुन्हा निम्म्याहून अधिक उतारू पासधारक विद्यार्थी. नफ्यासाठी धंदा करणारा मालक ही फेरी स्वखुशीने चालविणार नाही आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. महामंडळ ती चालविते, कारण लांब पल्ल्याच्या भरलेल्या गाड्यांच्या उत्पन्नातून तिचा तोटा भरून निघावा अशी अपेक्षा असते. किफायतीचे मार्ग तेवढे इतरांनी उचलले, की हा झरा आटतो. मध्य प्रदेशातही महामंडळाबरोबर हा आधार गेला आणि आडमार्गाच्या गावांची गाडी मालकाच्या हिशोबावर अवलंबून राहिली.

दुसऱ्या बाजूचे म्हणणेही हलके लेखू नये. पुण्याच्या उतारूने आपल्या तिकिटातून गडचिरोलीच्या उताराचा तोटा का भरावा? तो भार सर्व करदात्यांवर असावा, एकट्या बसच्या उतारूवर नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यावरून निघतो तो निष्कर्ष गाडी बंद करण्याचा नव्हे, तर तोट्याची रक्कम शासनाच्या अंदाजपत्रकात उघडपणे दाखविण्याचा.

सवलतींच्या बाबतीतही हिशोबाचा घोळ होतो. महाराष्ट्रात २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील नागरिकांना मोफत प्रवास मिळू लागला, १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे भाडे आकारले जाऊ लागले. शाळेला जाणाऱ्या ग्रामीण मुलींसाठी अहिल्याबाई होळकर यांच्या नावाची मोफत पासाची योजना त्याआधीपासूनची आहे. समजा, भाडे पन्नास रुपये असलेल्या मार्गावर गाडीत दहा महिला बसल्या. वाहकाच्या पिशवीत अडीचशे रुपये जमले; उरलेले अडीचशे शासनाने महामंडळास द्यावयाचे, यास प्रतिपूर्ती म्हणतात. ही रक्कम वेळेवर आली तर ती महामंडळाची कमाई आहे, भीक नव्हे. उशिरा आली तर डिझेल उधारीने घ्यावे लागते, पगार लांबतात आणि वर्षअखेरीस लोक म्हणतात, महामंडळ बुडाले. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू होऊन एप्रिल २०२२ पर्यंत चाललेल्या संपात कर्मचाऱ्यांची मुख्य मागणी शासनात विलीनीकरणाची होती. नियमित पगाराची हमी हवी, ही भावना त्या मागणीमागे होती हे विसरता येत नाही.

सवलत सरसकट असावी का, हा प्रश्न मात्र उरतोच. शेतमजूर स्त्री आणि बंगल्यात राहणारी स्त्री या दोघींना निम्मे भाडे सारखेच लागू होते. गरजूंपुरती सवलत ठेवावी असे अनेकांना वाटते. उलट, दारिद्र्याचा दाखला काढण्यासाठी तहसीलचे हेलपाटे घालण्यात त्या मजूर स्त्रीची दोन दिवसांची मजुरी बुडेल, हेही खरे आहे. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये काढून घेतली तेव्हा ती सरसकट काढली. गरीब वृद्ध आणि निवृत्तिवेतन घेणारा वृद्ध यांच्यात भेद केला नाही.

खासगी सहभागास महाराष्ट्राचाही विरोध आहे असे नव्हे. २०१७ साली सुरू झालेल्या शिवशाही सेवेत खासगी मालकांच्या भाड्याच्या गाड्याही घेण्यात आल्या. मार्ग आणि वेळापत्रक मात्र महामंडळाच्या हाती राहिले.

मध्य प्रदेशाची वाटही आता त्याच दिशेने वळत आहे. एप्रिल २०२५ मध्ये त्या राज्याच्या मंत्रिमंडळाने ‘मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा’ या योजनेस मंजुरी दिली. गाड्या खासगी मालकांच्या आणि देखरेख शासनाच्या कंपनीची, अशी तिची रचना आहे. आडमार्गाच्या फेरीत जो तोटा येईल तो कोणी आणि किती दिवसांत भरावयाचा, हे करारात कसे लिहिले जाते, यावर टोपी बाजारात येणाऱ्या खेडुताला संध्याकाळची परतीची गाडी मिळणे अवलंबून राहील.